कड्याला मार्क किती?

प्रस्तरारोहणाच्या मार्गदर्शक पुस्तकांत शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो. मी पुस्तक तिथूनच वाचायला घेते. तक्त्यात प्रत्येक देशाला एक रकाना दिलेला असतो आणि एका ओळीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे सरकलं की जग फिरून होतं. अमेरिकेतली ५.१०ए म्हणजे फ्रान्समधली ६ए. तीच जर्मन-ऑस्ट्रियन आल्प्सकडे रोमन सहा अधिक, ऑस्ट्रेलियात १८, आणि इंग्लंडमध्ये ई१, किंवा ई१ च्या एक घर खालची. इंग्लंडमध्ये यावर अजून बोलणी चालू आहेत. तक्त्याखाली बारीक टायपात छापलेलं असतं, 'ही तुलना ढोबळ आहे.' अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात खरं वाक्य तेच.

मैलांचे किलोमीटर करायला सूत्र आहे, फॅरनहाइटचं सेल्सिअस करायलाही आहे. इथे सूत्र होऊच शकत नाही, कारण मोजायचं काय यावरच देशादेशांचं जुळत नाही. एकाला सगळ्यात अवघड अशी एकच हालचाल मोजायची असते. दुसऱ्याला खालपासून वरपर्यंत लागणारा एकूण दम. तिसऱ्याला हात सुटला तर पुढे काय होईल ते. चौथा म्हणतो, कड्यापर्यंतची पायपीट, बर्फ, वारा आणि उतरायची वाट हेही त्यातच धरा. मग हे चौघे आपापलं उत्तर आकड्यात लिहितात, आणि तो आकडाही शक्यतो असा निवडतात की शेजारच्या देशातल्या आकड्याशी त्याचा घोळ व्हावा.

हे तक्ते वाचून वाचून माझं एक मत झालं आहे. या पट्ट्यांचं खालचं टोक कड्यावरून ठरतं आणि वरचं टोक पट्टी करणाऱ्याच्या कुवतीवरून. आपल्याला जी चढाई कशीबशी जमली, किंवा थोडक्यात हुकली, तिथे तो रेघ मारतो आणि खाली लिहितो, 'मानवी मर्यादा'. पुढच्या पिढीतलं एखादं पोरगं येतं, त्या रेघेवर पाय ठेवतं आणि वर जातं.

विली वेल्झेनबाख हा म्युनिकचा इंजिनिअर. त्याने १९२० च्या दशकात एक ते सहा अशा रोमन आकड्यांची श्रेणी मांडली. एक म्हणजे सोपं आणि सहा म्हणजे माणसाला शक्य असलेल्या चढाईची हद्द. जर्मन काम होतं, त्यामुळे पट्टी नीटनेटकी होती आणि तिला झाकण होतं. पंचाईत अशी झाली की माणसं सुधारत राहिली आणि झाकण तिथेच राहिलं. सहाच्या डोक्यावर जाणाऱ्या चढाया होऊ लागल्या, तेव्हा त्यांना 'सहा अधिक' म्हणायचं ठरलं. त्याहून अवघड आली तर? तीही सहा अधिक. साठच्या दशकात गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही पट्टी आपली म्हणून स्वीकारली, तीही झाकणासकट. १९७३ मध्ये राइनहोल्ड मेसनरने सातव्या श्रेणीवर पुस्तकच लिहिलं, पण संघटनेच्या लेखी सात हा आकडा जन्माला आलेला नव्हता. १९७७ मध्ये ऑस्ट्रियातल्या वाइल्डर कायझर डोंगरांत हेल्मुट किने आणि राइनहार्ड कार्ल यांनी 'पुम्परिसे' नावाची भेग चढून सरळ 'सात' असं जाहीर केलं, आणि मग वर्षा-दोन वर्षांत कागदावरचं झाकण अधिकृतपणे काढण्यात आलं. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं मध्य युरोपातले उत्तमोत्तम आरोहक सहाच्या छताखाली मान वाकवून उभे होते. कडा त्यांना अडवत नव्हता, समिती अडवत होती. हे वाचताना मला फारच घरी आल्यासारखं वाटलं.

अमेरिकनांनी याच पट्टीवरून धडा घेतला आणि तीच चूक दशांश चिन्हासह केली. १९३७ मध्ये सिएरा क्लबने वर्ग पाडले होते. पहिला वर्ग म्हणजे चालणं, दुसऱ्यात अधूनमधून हात टेकायचा, आणि असं करत पाचवा वर्ग म्हणजे दोर लावून खरोखरीची चढाई. पण पाचव्या वर्गात फारच गर्दी झाली. म्हणून पन्नाशीच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टाकिट्झ कड्यावर चढणाऱ्या मंडळींनी, म्हणजे रॉयल रॉबिन्स, डॉन विल्सन आणि चक विल्ट्स यांनी, पाचाचे दहा भाग केले: ५.० पासून ५.९ पर्यंत. ५.९ च्या पुढे काही नाही, कारण ५.९ नंतर ६ येतो आणि सहावा वर्ग लोखंडी खुंट्यांना लटकून वर सरकणाऱ्यांसाठी राखीव होता. गणित चोख होतं.

साठच्या दशकात ५.९ पेक्षा अवघड चढाया झाल्या. आता काय करायचं? ५.९१? ५.९५? त्यांनी ५.१० लिहिलं. चौथीतल्या मुलाने हे लिहिलं असतं तर बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून ५.१० आणि ५.१ एकच असतात हे सगळ्या वर्गासमोर दाखवलं असतं. इथे मात्र ५.१० च्या मागून ५.११ आलं, मग ५.१२, आणि आज ही गाडी ५.१५ वर उभी आहे. तेवढ्याने भागेना म्हणून ५.१० पासून पुढे प्रत्येकाचे ए, बी, सी, डी असे चार तुकडे पडले. ही कल्पना सत्तरच्या दशकात योसेमिटीच्या जिम ब्रिडवेलने रुजवली. दशांश अपूर्णांकाचा इतका उघड अपमान करून चंद्रावर जाणारा देश हाच.

या भानगडीत खरा बळी गेला तो ५.९ चा. ५.९ हे छत असताना कोणताही विनयशील आरोहक आपल्या चढाईला त्याहून वर कसं म्हणणार? जे जे भयंकर वाटलं ते सगळं त्यांनी ५.९ मध्ये कोंबलं. त्यामुळे अमेरिकेत जुन्या काळची ५.९ दिसली की जाणती माणसं बुटांचे बंद सोडतात. पुस्तकात ५.९ अधिक असेल तर गाडी वळवतात. नवख्याला मात्र वाटतं, आपण जिममध्ये ५.१० चढतो, ही तर त्याच्या खालची. तो आनंदाने दोर बांधतो.

पोलंडमध्ये वोइचेख कुर्तिकाला हाच सहाच्या छताचा प्रश्न पडला. त्याने रोमन सहापुढे टिंब दिलं आणि VI ला हात न लावता सहा-पॉइंट-एक, सहा-पॉइंट-दोन असे मजले चढवले. छतही राहिलं, वरचा मजलाही झाला. आमच्या भागातल्या बिल्डरांना हा माणूस आवडला असता.

छताचा सगळ्यात गमतीदार विचार केला तो जॉन गिल या अमेरिकन गृहस्थांनी. हे गणिताचे प्राध्यापक आणि जिम्नॅस्ट. दोराशिवाय छोट्या, पण अतिशय अवघड शिळा चढणं, ज्याला आज बोल्डरिंग म्हणतात, त्याला स्वतंत्र कलेचा दर्जा त्यांच्यामुळे मिळाला. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी तीनच पायऱ्यांची श्रेणी केली: बी१, बी२, बी३. बी१ म्हणजे दोर लावून त्या काळी जे काही सर्वांत कठीण केलं जायचं, तितकं. बी२ म्हणजे त्याहून कठीण. आणि बी३ म्हणजे जी शिळा आजवर एकदाच चढली गेली आहे आणि बाकीच्यांनी प्रयत्न करून सोडून दिली आहे. दुसरा कुणी ती चढला की त्याच क्षणी ती बी३ राहत नाही, खाली घसरते. माणसं कितीही पुढे गेली तरी या पट्टीचा वरचा आकडा बदलायची गरज नाही. गणिती माणसाला शोभेल असं उत्तर होतं. फक्त मनुष्यस्वभावाला ते चाललं नाही. आपल्या मेहनतीने मिळवलेली पदवी दुसऱ्या कुणाच्या मेहनतीने आपोआप रद्द होते, हे कोण सहन करणार? आरोहकांनी गिल यांना गुरू मानलं, त्यांच्या शिळांवर डोकी आपटली आणि त्यांची श्रेणी वापरायची नाही असं ठरवून टाकलं. आज अमेरिकेत चालते ती टेक्सासमधल्या ह्युको टँक्सची व्ही श्रेणी. हा 'व्ही' तिच्या जनकाच्या, जॉन शर्मनच्या, 'व्हर्मिन' या टोपणनावातला. ही श्रेणी व्ही१७ पर्यंत तर आलीच आहे आणि वर मोकळं आभाळ ठेवलं आहे.

आता इंग्लंड. इथे जरा बसून बोलावं लागेल.

इंग्रजांनी सुरुवात शब्दांनी केली. १८९७ मध्ये ओवेन ग्लिन जोन्स याने लेक डिस्ट्रिक्टच्या कड्यांवर पुस्तक लिहिलं आणि चढायांचे चार गट केले: ईझी, मॉडरेट, डिफिकल्ट आणि एक्सेप्शनली सिव्हिअर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात डिफिकल्ट म्हणजे खरोखरच डिफिकल्ट होतं. अंगात लोकरीचा कोट, पायात खिळ्यांचे बूट आणि कमरेला दोर. पुढे माणसं सरसावली आणि वरच्या बाजूला शब्द कमी पडू लागले. जुने शब्द खाली सरकवायला इंग्रज तयार नव्हते. जे एकदा डिफिकल्ट ते कायमचं डिफिकल्ट. म्हणून ते वर वर विशेषणं रचत गेले. व्हेरी डिफिकल्ट. मग सिव्हिअर. हार्ड सिव्हिअर. व्हेरी सिव्हिअर. हार्ड व्हेरी सिव्हिअर. शेवटी एक्स्ट्रीमली सिव्हिअर आलं आणि शब्दकोश संपला. ज्या देशाने शेक्सपिअर दिला त्या देशाला सत्तरच्या दशकात हात टेकून आकड्यांकडे जावं लागलं, आणि एक्स्ट्रीमचे ई१, ई२, ई३ असे नंबर पाडले गेले.

आमच्या घरात ही श्रेणी फार महागात पडली. माझा भाचा शेफील्डला शिकायला गेला. तिथून तासाभरात स्टॅनेज नावाची वालुकाश्माची लांबच लांब कड लागते आणि शेफील्डचं पोर तिच्यावर चढायला शिकल्याशिवाय राहत नाही. एका रविवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेल्मेट घातलेला फोटो आला, खाली ओळ होती, 'माझी पहिली व्हेरी डिफिकल्ट, मी लीड केली.' माझ्या आईला इंग्रजी कामापुरतं येतं आणि हे दोन शब्द कामापुरत्यात बसतात. तिने संध्याकाळपर्यंत सोसायटीत पेढे वाटले. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी पेढा घेतला, चष्मा लावला, संगणक उघडला आणि रात्री जेवणाच्या वेळी वर येऊन सांगितलं, "आजी, ती खालून चौथी आहे."

आई म्हणाली, "म्हणजे तिच्या खाली तीन आहेत ना?"

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, इथे डिफिकल्ट म्हणजे सोपं. सिव्हिअर म्हणजे बरं. व्हेरी सिव्हिअर म्हणजे जरा लक्ष देऊन."

"मग खरंच अवघड असेल त्याला काय म्हणतात?"

"त्याला काही म्हणत नाहीत गं. चढून खाली आला की 'नॉट बॅड' म्हणतात आणि चहा पितात."

इंग्रजांचं एवढ्यावर भागत नाही. विशेषणाच्या शेजारी ते आणखी एक आकडा लिहितात, ४सी, ५बी, ६ए असा, आणि तो फक्त एका सर्वांत अवघड हालचालीचा असतो. ही जोडी वाचायला शिकलं की मात्र मजा येते. मोठा ई आणि त्यापुढे लहान आकडा, समजा ई५ ५बी, म्हणजे हातापायांचं काम फारसं कठीण नाही, पण दोर अडकवायला कुठे जागा नाही आणि पडायची सोय नाही. उलट ई१ ६ए म्हणजे हालचाल अंगावर काटा आणणारी, पण बहुतेक जमिनीपासून हातभर उंचीवर. मरणाची शक्यता दोन आकड्यांच्या वजाबाकीत लपवून ठेवायची आणि तोंडाने तिचा उल्लेखही करायचा नाही, हे इंग्रजांनाच सुचावं.

अमेरिकनांना एवढं सूचक बोलणं जमत नाही. त्यांनी धोका सांगायला सिनेमाची प्रमाणपत्रं उचलली. मार्गापुढे 'पीजी' असेल तर दोर अडकवायच्या जागा थोड्या लांब लांब आहेत. 'आर' असेल तर पडल्यावर हाडं मोडतील. 'एक्स' असेल तर हाडांचा प्रश्न उरत नाही. आपल्याकडे 'ए' प्रमाणपत्र मिळालं की गर्दी वाढायची. या 'एक्स'पाशी मात्र रांग लागल्याचं ऐकिवात नाही.

फ्रेंचांची क्रीडा-आरोहणाची श्रेणी आज जगभर चालते आणि ती खरंच सुटसुटीत आहे: एक आकडा, पुढे ए, बी, सी, आणि हवं तर एक अधिक चिन्ह. कडाभर पक्के बोल्ट ठोकलेले असतात, त्यामुळे मरणाची वजाबाकी करावी लागत नाही. हेच फ्रेंच आल्प्सच्या मोठ्या चढायांना मात्र शब्दांनी मोजतात, आणि त्यांचे शब्द इंग्रजांपेक्षा मोकळे आहेत. 'सोपी'पासून निघून 'थोडीशी कठीण', 'बऱ्यापैकी कठीण' असं करत ते 'अत्यंत कठीण'पाशी येतात, आणि त्याहीवर 'अ‍ॅबोमिनाब्ल'. तिथे श्रेणी संपते आणि तक्रार सुरू होते.

पण फ्रेंचांनी एक पाप करून ठेवलं आहे. पॅरिसजवळ फॉन्तेनब्लोच्या जंगलात वालुकाश्माच्या शिळा आहेत, बोल्डरिंगचं हे आद्यपीठ. तिथल्या शिळांसाठी त्यांनी वेगळी श्रेणी केली आणि आकडे तेच ठेवले. कड्याची ६ए लिहिताना ए लहान काढायचा, शिळेची ६ए लिहिताना ए मोठा काढायचा. शिळेची ६ए कड्याच्या ६ए पेक्षा कितीतरी भारी असते. इंग्रजांची ६ए तिसरीच, तीही भारी. म्हणजे एका ६ए ला तीन अर्थ आणि त्यातल्या दोघींत फरक फक्त अक्षराच्या उंचीचा. आमच्या देवनागरीत अक्षरं लहान-मोठी नसतात. मराठीत हे मार्गदर्शक पुस्तक छापलं तर पहिल्याच पानावर अपघात विम्याची जाहिरात घ्यावी लागेल.

जपानी लोक बोल्डरिंगला ज्युदोसारखे क्यू आणि दान देतात. दहावा क्यू सोपा, नववा त्याहून कठीण, असं करत उलटं मोजत पहिल्या क्यूवर यायचं, आणि तिथून दिशा बदलून पहिला दान, दुसरा दान असं सुलटं वर जायचं. तर्क त्यांच्या परंपरेत पक्का आहे. फक्त पाहुण्याला नऊ मोठा की एक मोठा हे चढायच्या आधी विचारून घ्यावं लागतं.

झाकण न लावण्याचा शहाणपणा पहिल्यांदा दाखवला तो ऑस्ट्रेलियाने, आणि तोही एका विशीच्या आसपासच्या पोराने. जॉन यूबँकने साठच्या दशकात सांगितलं की एकपासून सुरू करा आणि मोजत राहा. अक्षरं नाहीत, टिंब नाही, रोमन नाहीत. धोका, दम, दगडाचा पोत, जे काय असेल ते सगळं एकाच आकड्यात धरा, आणि उद्या जास्त अवघड काही आलं तर पुढचा आकडा घ्या. आकड्यांचा तुटवडा नाही. १९८५ मध्ये जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशने माउंट अ‍ॅरापाइल्सवर 'पंक्स इन द जिम' चढली तेव्हा ती जगातली सर्वांत अवघड चढाई होती. ऑस्ट्रेलियाने ३२ लिहिलं आणि विषय संपवला. इतकी साधी गोष्ट बाकीच्या जगाला का सुचली नाही? सुचली असावी. पण तिच्यात भांडायला फार जागा नाही. दक्षिण आफ्रिकेने ही पद्धत उचलली तेव्हा ही उणीव त्यांच्या लक्षात आली असणार, कारण त्यांचे आकडे ऑस्ट्रेलियापेक्षा एक-दोनाने सरकलेले आहेत.

जर्मनीच्या पूर्वेला एल्ब नदीकाठी वालुकाश्माचे सुळके आहेत. तिथले सॅक्सन आरोहक या सगळ्या तक्त्याकडे तुच्छतेने बघतात. त्यांच्याकडे हाताला खडूची पूड लावायला बंदी, फटीत धातूचं काहीही अडकवायला बंदी. फटीत दोरीची गाठ कोंबायची आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा. दगड ओला असेल तर चढायचंच नाही. बेर्न्ड आर्नॉल्ड या त्यांच्या मोठ्या आरोहकाने तर कित्येक चढाया अनवाणी केल्या. आणि एका सुळक्यावरून दुसऱ्या सुळक्यावर उडी मारायची असेल तर त्या उडीला वेगळी श्रेणी आहे. उडीला! दरीवरून उडी मारण्यापूर्वी माणूस पुस्तक उघडून ती दोन नंबरची आहे की तीन नंबरची हे बघतो, हे चित्र मला फार आवडतं.

या सगळ्या पट्ट्यांमध्ये एक गोष्ट कुणीच लिहीत नाही: ही श्रेणी कुणाच्या अंगाची? हात लांब असेल तर जी पकड सहज हाताला लागते, तिच्यासाठी बुटक्या माणसाला झेप घ्यावी लागते. आकडा दोघांना एकच. १९९३ मध्ये योसेमिटीच्या एल कॅपिटनवरची 'द नोज' ही प्रचंड चढाई लिन हिल या बाईने पहिल्यांदा केवळ हातापायांच्या जोरावर पूर्ण केली. उंची सुमारे पाच फूट दोन इंच. भलेभले पुरुष तिथे वर्षानुवर्षं अडकले होते. लगेच स्पष्टीकरण आलं की तिची बोटं बारीक आहेत, म्हणून ती त्या अरुंद फटीत गेली. असेलही. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत कुणी पुरुष वर पोचला तेव्हा त्याचे हात लांब होते म्हणून श्रेणी उतरवा, असं एकदाही कुणी म्हणालं नव्हतं.

आणि दगडही स्थिर नसतो. लोकप्रिय मार्गावरच्या पकडी हजारो बोटांनी घासून काचेसारख्या गुळगुळीत होतात. जितकी गर्दी जास्त, तितकी चढाई अवघड आणि पुस्तकातला आकडा जुनाच. सह्याद्रीत उलटा प्रकार. आपला बसाल्ट दिसायला खडा, पण काही ठिकाणी हातात पकड देतो म्हणजे अक्षरशः देतो, ती घेऊन तुम्ही खाली येता. म्हणून सुळक्यांवर बोल्ट मारत चढायची परंपरा इथे रुजली. पण आपली खास राष्ट्रीय श्रेणी सुळक्यांवर सापडत नाही, ती गडकिल्ल्यांच्या पुस्तकांत सापडते: सोपी, मध्यम, कठीण. ही तीन खणांची श्रेणी पाहून मला गिल यांची आठवण होते, फक्त आपण त्यातला मधलाच खण वापरतो. 'सोपी' लिहिलं आणि कुणी घसरून पडला तर लेखकाच्या गळ्याशी येणार. 'कठीण' लिहिलं तर लोक म्हणणार, यांना अवघड गेलेला दिसतो. म्हणून 'मध्यम'. पायऱ्यांवरून देवीच्या देवळापर्यंत जायचं असेल तेही मध्यम, आणि घसाऱ्यावरून एका बाजूला दरी ठेवून आडवं जायचं असेल तेही मध्यम. लेखक फारच घाबरला असेल तर 'मध्यम, दृष्टिभय आहे' असं लिहितो. आमच्या नाशिकजवळच्या हरिहरच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्या बघा. हाताला धरायला खोबण्या आहेत, पाऊल मावतं, कोरड्या दिवशी एकटं असाल तर झक्क चढाई. पावसाळ्यातल्या रविवारी वरून दोनशे माणसं उतरतायत, खालून तीनशे चढतायत, मध्येच कुणी सेल्फीसाठी थांबलंय. त्या चढाईला यूबँकच्या पद्धतीनेही आकडा सापडणार नाही.

गावातल्या माणसाला विचारावं तर त्याची श्रेणी वेगळीच. "मामा, वाट अवघड आहे का?"

"अवघड कसली, आमची शेरडं जात्यात."

शेरडं कुठल्या श्रेणीपर्यंत चढतात हे तक्त्यात दिलेलं नाही.

तर श्रेणी ठरवतं कोण? जो पहिला चढतो तो आकडा सुचवतो. फक्त सुचवतो. मागून येणारे तो मान्य करतात किंवा उतरवतात. हा उतरवण्याचा प्रकार या खेळातला सगळ्यात सभ्य खून आहे. फ्रान्सच्या फ्रेद रूलिंगने १९९५ मध्ये 'अकिरा' नावाची चढाई करून तिला ९बी दिली. तोवर जगाला ९ए सुद्धा नीट पचली नव्हती. पहिली ९ए, ग्युलिशची 'अ‍ॅक्शन डिरेक्ट', जेमतेम चार वर्षांची होती. लोकांनी त्याला थापाड्या ठरवलं. पंचवीस वर्षं तो ते ऐकत राहिला. २०२० मध्ये सेब ब्वाँ आणि ल्युसियाँ मार्तिनेझ हे दोघे ती चढले आणि म्हणाले, मार्ग खरा आहे, पण ९ए आहे. म्हणजे चढाई सिद्ध झाली आणि आकडा गेला. १९९५ मध्ये ९ए चढणारी माणसं जगात मूठभरही नव्हती. त्याने ९ए म्हटलं असतं तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं.

इंग्लंडच्या जेम्स पिअर्सनने २००८ मध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर 'द वॉक ऑफ लाइफ' चढून तिला ई१२ दिली. त्याआधी ई११ हाच आकडा जड वाटत होता. काही महिन्यांत स्कॉटलंडचा डेव्ह मॅक्लाउड आला, चढला आणि त्याने ई९ सांगितली. तीन घरं खाली. इंग्लंडमध्ये यावर जितकी चर्चा झाली तितकी एखाद्या मंत्र्याच्या राजीनाम्यावरही होत नसावी. पुढे २०२३ मध्ये पिअर्सनने फ्रान्समध्ये 'बॉन व्हॉयाज' ही जबरदस्त चढाई केली, तेव्हा त्याने सुरुवातीला श्रेणी सांगितलीच नाही. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताकाला आकडा देणंच बंद केलं.

उतरवणाऱ्याची भाषा ऐकण्यासारखी असते. तो कधीही 'हे सोपं होतं' म्हणत नाही. तो म्हणतो, हवा फार छान होती. बोटांना त्या दिवशी चांगली पकड मिळत होती. मला गुडघा अडकवायला एक जागा सापडली, कदाचित आधीच्यांच्या लक्षात आली नसेल. ही शैली माझ्या बरीच ओळखीची आहे. आमच्याकडे नव्या सुनेच्या पुरणपोळीचं कौतुक याच सुरात होतं.

या खेळातला सर्वांत वरचा आकडा सध्या ९सी. पहिली ९सी चढला चेक प्रजासत्ताकाचा अ‍ॅडम ऑन्ड्रा, ३ सप्टेंबर २०१७ रोजी, नॉर्वेतल्या फ्लातांगरच्या गुहेत. हा मुलगा चढताना इतका ओरडतो की व्हिडिओ बघताना शेजारी दार वाजवून विचारतात, काही झालंय का. त्या दिवशी शेवटची पकड हाती लागल्यावर त्याच्या तोंडून आवाजच फुटला नाही, म्हणून मार्गाचं नाव 'सायलेन्स'. अमेरिकन हिशेबाने ५.१५डी, म्हणजे दशांशाचा अपमान आता पुरा झाला. पुढच्या कित्येक वर्षांत जगातले अव्वल आरोहक, इटलीच्या स्तेफानो गिसोल्फीसारखे, त्या गुहेत हंगामामागून हंगाम घालवून हात हलवत परत आले. गिल यांच्या पट्टीवर ही अस्सल बी३. आणि अशा मार्गाच्या माथ्यावर दुसरा माणूस पोचलाच, तर पुढे काय होणार हे मी आत्ताच सांगू शकते. तो खाली येईल, दोराची गाठ सोडेल, पाणी पिईल, पहिल्या माणसाचं तोंडभर कौतुक करेल आणि अगदी नम्रपणे म्हणेल, "सुंदर मार्ग आहे. हवा फार छान होती हो आज. पण ९सी?"